जुनी आलिशान गाडी: नेहमीचे बिघाड आणि दुरुस्तीचा खरा खर्च

जुनाटचाक (धागाकर्ता)

सात ते बारा वर्षे वापरलेली आलिशान गाडी जेव्हा एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळू लागते, तेव्हा खरेदीदार या दोन किमती शेजारी ठेवून पाहतो आणि त्याचा जीव पहिलीवर जडतो. दुरुस्तीचा विचार करताना मात्र ही तुलना काहीच कामाची नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. उलट ते मॉडेल कारखान्यातून बंद होऊन जितकी वर्षे लोटतात, तितके काही भाग दुर्मीळ आणि महाग होत जातात. नवी असताना जी गाडी सामान्य गाडीच्या चौपट किमतीची होती, तिचा हेडलाइट, तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि तिचे ब्रेक आजही त्याच चौपटीच्या हिशेबाने मिळतात.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला या धाग्यात मांडायचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. बिलाचा आकडा बिघडलेल्या भागाच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींवर अधिक ठरतो: तो भाग गाडीत कुठे बसवलेला आहे, आणि बिघाडाचे निदान किती नेमके झाले आहे.

मर्सिडीजचे २००५ साली आलेले तीन लिटरचे व्ही६ डिझेल इंजिन, ओएम६४२, एरवी दणकट म्हणून ओळखले जाते. त्याचा ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या खोलगट जागेत, टर्बोच्या खाली दडलेला आहे, आणि त्याची रबरी सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तेल सोडू लागतात. ही सील किरकोळ किमतीची आहेत. पण तिथपर्यंत हात पोहोचण्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि टर्बो उतरवावे लागतात आणि सरावलेल्या मेकॅनिकचाही दिवसभराहून अधिक वेळ त्यात जातो. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासूनच्या एन४७ या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी) मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे. पहिल्या काही वर्षांच्या इंजिनांत ती झिजल्याच्या, प्रसंगी तुटल्याच्या तक्रारी सर्वत्र आल्या. तीच चेन पुढच्या बाजूला असती तर काम आटोपशीर झाले असते. मागे असल्यामुळे गिअरबॉक्स, आणि बहुतेक वेळा सबंध इंजिनच, खाली घ्यावे लागते. लँड रोव्हरच्या २००४ साली आलेल्या डिस्कव्हरी ३ चे टोक तर याहून पुढचे: तिच्या डिझेल इंजिनाचा टर्बो बदलताना अनेक गॅरेजवाले गाडीची बॉडीच चॅसीवरून उचलतात, कारण एकूण वेळ त्यात कमी लागतो. म्हणून ‘पार्ट केवढ्याला?’ याआधी ‘काय काय उतरवावे लागेल?’ हे विचारावे.

दुसरी गोष्ट वयाची. कमी चाललेली गाडी म्हणजे निरोगी गाडी, हा समज या वर्गात फारसा टिकत नाही. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे घर, पाइपांचे सांधे हे सारे प्लॅस्टिकचे असते आणि ते किलोमीटरांपेक्षा वर्षांनी व उष्णतेने ठिसूळ होते. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या केयेन व्ही८ मध्ये इनटेक मॅनिफोल्डखालून जाणारे कूलंटचे पाइप प्लॅस्टिकचे होते. ते तडकू लागल्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पाइप उपलब्ध झाले. अशी गाडी पाहताना तो बदल झाल्याची पावती आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नाने आधीच्या मालकाविषयी बरेच कळते.

एअर सस्पेन्शनचे, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचे, दुखणे सर्वांत ठरावीक. मर्सिडीजने १९९८ च्या एस-क्लासमध्ये एअरमॅटिक ही अशी यंत्रणा आणली; ऑडी, पोर्श, लँड रोव्हर, बीएमडब्ल्यू या सगळ्यांच्या मोठ्या गाड्यांतही हवेचे स्ट्रट (चाकावर गाडी तोलणारे खांब) आले. स्ट्रटमधल्या रबरी पिशवीला बारीक भेगा पडतात आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. इंजिन सुरू केले की ती पुन्हा उचलली जाते, त्यामुळे मालक दुर्लक्ष करतो. दरम्यान गळलेली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो, तापतो आणि जळतो. त्याचा रिले (त्याला चालू-बंद करणारा विद्युत स्विच) चिकटला तर हे आणखी लवकर होते. म्हणजे एका स्ट्रटचा खर्च टाळता टाळता स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि रिले असा तिहेरी खर्च पदरात पडतो. विकत घेण्यापूर्वी गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून चारही चाकांच्या कमानींची उंची सकाळी मोजावी. या तपासणीला टेप पुरतो.

ज्यांनी अशा गाड्या स्वतः सांभाळल्या आहेत किंवा दुरुस्त केल्या आहेत, त्यांनी आपापली भर घालावी. रकमांचे आकडे जागेनुसार आणि काळानुसार बदलतात, म्हणून प्रमाण आणि कारणे यांवरच बोलू या.

शंकासुर

उत्तम विषय. माझी एक अडचण आहे. मी पाहत असलेल्या गाडीचा विक्रेता म्हणतो की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले असते आणि ते बदलण्याची आवश्यकता नाही. तसे कंपनीच्या पुस्तिकेतही आहे, असे त्याचे म्हणणे. गाडी एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली आहे. यात तथ्य किती?

रेंचपाना

मी याच प्रकारच्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतो, म्हणून आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत झेडएफ या कंपनीचे गिअरबॉक्स असतात: २००१ पासून सहा गिअरचे ६एचपी आणि २००९ पासून आठ गिअरचे ८एचपी. गाडी बनवणारे कारखाने तेल आयुष्यभराचे म्हणत असले, तरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलण्यास सांगते. गिअरबॉक्सचे ‘आयुष्य’ कारखान्याच्या हिशेबात केवढे आहे, हे यावरून ओळखावे. अनेक मॉडेलांत तेलाची पॅन प्लॅस्टिकची असून फिल्टर तिच्यातच घडवलेला असतो, त्यामुळे पॅनसकट बदल करावा लागतो. शिवाय तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून आणि तेलाचे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना ठरवायची असते. हे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी-यंत्रावर) न पाहता अंदाजाने तेल भरणाऱ्या गॅरेजकडून हे काम करून घेऊ नये. ऑडीच्या सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनांबरोबर येणाऱ्या डीएल५०१ ला, तर ६०,००० किलोमीटरांनी तेलबदल कारखान्यानेच ठरवून दिलेला आहे, आणि तो चुकला असेल तर मेकॅट्रॉनिक युनिटची (गिअर बदलण्याचे नियंत्रण करणाऱ्या भागाची) चिंता करावी.

आता धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे, निदानाकडे येतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी सर्वांत महागात पडलेल्या त्या असतात, ज्यांच्यावर आधी दोन ठिकाणी ‘बदलून पाहू’ या पद्धतीने उपचार झालेले असतात. स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड म्हणजे निदान नाही, ती फक्त तक्रार आहे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला जातो, आणि खरा दोष इनटेकच्या फाटलेल्या नळीत असतो. प्रत्येक कारखान्याची स्वतःची निदानप्रणाली असते, बीएमडब्ल्यूची इस्टा, मर्सिडीजची झेन्ट्री, ऑडीची ओडिस, पोर्शची पिविस. बाजारातला सर्वसाधारण स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, पण हवेच्या सस्पेन्शनचे अंशशोधन (कॅलिब्रेशन), नव्या मॉड्यूलचे (नियंत्रक संगणकाचे) कोडिंग किंवा ब्रेक युनिटमधली हवा काढणे अशा कामांत तो बहुधा थांबतो. ज्या गॅरेजकडे तुमच्या गाडीची प्रणाली नाही, ते निदानाऐवजी अंदाज विकते.

इलेक्ट्रॉनिक्सची दोन उदाहरणे देतो. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सात-मालिकेत मोस्ट हे प्रकाशतंतूंचे जाळे आणले आणि पुढे मर्सिडीज, ऑडी, पोर्श यांनीही ते वापरले. त्यात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, नॅव्हिगेशन, फोन ही सारी उपकरणे एका कड्यात जोडलेली असतात. कड्यातले एक उपकरण बंद पडले की प्रकाश पुढे जात नाही आणि सबंध यंत्रणा मूक होते. मालकाला सांगितले जाते की मुख्य युनिट गेले. प्रत्यक्षात एकेक उपकरण काढून त्या जागी जोडणीचा साधा तुकडा लावत गेले, की दोषी कोण ते तासाभरात कळते, आणि पुष्कळदा तो दोषी फोनचे एखादे बिनवापराचे मॉड्यूल असते. दुसरे उदाहरण बॅटरीचे. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, कारण चार्जिंगचे धोरण बॅटरीच्या वयानुसार बदलत असते. नोंद केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला म्हातारी समजून वागवते. जुन्या, दुबळ्या बॅटरीने या गाड्या इतके परस्परविसंगत कोड दाखवतात की कुठल्याही विद्युत तक्रारीत आम्ही सर्वप्रथम बॅटरी तपासतो.

जुन्या गाडीतून काढलेले मॉड्यूल बसवण्याचा मोह होतो, त्याविषयीही सांगून ठेवतो. ऑडीच्या बऱ्याच मॉड्यूलांना घटक-संरक्षण असते. दुसऱ्या गाडीतले युनिट कारखान्याच्या सर्व्हरशी जोडून मोकळे केल्याशिवाय नीट चालत नाही. स्वस्तात घेतलेला भाग त्यामुळे कपाटात पडून राहतो.

मौनीप्रवासी

पाण्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पानांच्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आतल्या गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी साचते, आणि नेमकी तिथेच कारखान्यांनी नियंत्रक मॉड्यूल ठेवलेली असतात. वरवर पाहता गालिचा कोरडा असतो; खालचा फोम ओला असतो. गाडी पाहताना पायाखालची चटई उचलून फोम हाताने दाबावा आणि सुट्या चाकाच्या खळग्यात नजर टाकावी. कुबट वास लपवण्यासाठी गाडीत भरपूर सुगंध मारलेला असेल, तर तपासणी आणखी कसून करावी.

हिशेबनीस

चर्चा तांत्रिक अंगाने उत्तम चालली आहे. मी खर्चाची मांडणी कशी करावी याबद्दल लिहितो, कारण लोक एकाच खात्यात सगळे टाकतात आणि मग ‘ही गाडी पांढरा हत्ती आहे’ असा निष्कर्ष काढतात.

पहिले खाते थकलेल्या देखभालीचे. आधीच्या मालकाने विकायचे ठरवल्यापासून खर्च थांबवलेला असतो, हे गृहीत धरावे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेक यांची तेले, फिल्टर, बेल्ट, बॅटरी, टायर ही सारी थकबाकी नव्या मालकाच्या पहिल्या काही महिन्यांत वसूल होते. माझ्या मते खरेदीच्या रकमेच्या किमान एक पंचमांश रक्कम यासाठी वेगळी काढता येत नसेल, तर गाडी परवडत नाही असे समजावे, मग हप्ता कितीही सुसह्य असो. दुसरे खाते झिजेचे. यात अचानक काही नसते. जड गाडी, मोठी चाके आणि रुंद टायर यांचा वापर किलोमीटरांच्या प्रमाणात खर्च मागतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत एकच टायर बदलून भागत नाही, कारण नव्या आणि झिजलेल्या टायरच्या परिघातला फरक ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या पेटीला) सतत सोसावा लागतो. तिसरे खाते मोठ्या, एकरकमी बिघाडाचे: टायमिंग चेन, गिअरबॉक्स, टर्बो, हवेचे सस्पेन्शन. हे घडेलच असे नाही, पण घडले तर त्या वर्षाचा बाकी सगळा हिशेब झाकोळून टाकते. या खात्याची रक्कम हाताशी नसलेला मालक दुरुस्ती पुढे ढकलतो, आणि पुढे ढकललेली दुरुस्ती या गाड्यांत शेजारचा भाग घेऊन बुडते, जसे वर कॉम्प्रेसरबाबत लिहिले आहे.

मजुरीचा एक बारकावा. एकाच जागी पोहोचण्याची मजुरी दोनदा देऊ नये. १९९७ ते २००८ या काळातल्या बहुतेक पोर्श बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत मधल्या शाफ्टचे बेअरिंग निकामी होऊन इंजिन वाया गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि २००९ च्या नव्या इंजिनातून तो शाफ्टच काढून टाकण्यात आला. हे बेअरिंग क्लचच्या मागे आहे. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तर ज्या गाड्यांत हे बेअरिंग इंजिन उघडल्याविना बदलता येते तिथे ते आणि मागचे मुख्य ऑइल सील त्याच वेळी बदलण्याचा अधिकचा खर्च मुख्यतः भागांचा असतो. गॅरेजकडून अंदाजपत्रक घेताना ‘एवढे उघडल्यावर आणखी काय आवाक्यात येते?’ हे लेखी मागावे. चांगला मेकॅनिक ते न मागताही सांगतो.

उतारावरचा

मी थोडा विरोधी सूर लावतो. वरचे सगळे खरे असले, तरी ‘आलिशान गाडी’ ही एकच जात नाही. त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत खर्चाचा जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो फरक खरेदीच्या वेळीच ठरतो. पोलादी स्प्रिंगची, सहा सिलिंडरच्या साध्या इंजिनाची, मऊ बंद होणारे दरवाजे, रात्रीचा कॅमेरा आणि सक्रिय स्टॅबिलायझर (वळणावर गाडी कलू न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी शोधावी. जे बसवलेलेच नाही ते बिघडत नाही. खरेदीदार मात्र उलट करतात: वापरलेल्या बाजारात सर्वाधिक सुविधांची गाडी किंचितच महाग पडते, म्हणून तीच उचलतात. बीएमडब्ल्यूचे २००८ साली आलेले एन६३ हे व्ही८ इंजिन घ्या. त्याचे टर्बो दोन ओळींच्या मध्ये बसवल्यामुळे त्या भागात प्रचंड उष्णता कोंडते, व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेल अडवणारी सील (व्हॉल्व्ह स्टेम सील) कडक होतात आणि तेल जळते; २०१४ साली कंपनीला या इंजिनासाठी अमेरिकेत खास ग्राहक-सेवा मोहीम काढावी लागली. त्याच बॉडीत सहा सिलिंडरचे इंजिन मिळत असताना हे का घ्यावे?

शिवाय कारखान्याच्या खोक्यातलाच भाग हवा, हा आग्रह अनाठायी आहे. बीएमडब्ल्यूचे सस्पेन्शनचे कितीतरी भाग लेम्फर्डर ही कंपनी बनवते, आणि तेच भाग तिच्या स्वतःच्या खोक्यात बरेच स्वस्त मिळतात. बॉश, माहले, बिलस्टाइन यांचेही तसेच आहे. स्वस्त, निनावी नकला आणि मूळ पुरवठादाराचा माल यांत गल्लत करू नये एवढेच. लेक्सससारख्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सची काळजी कमी असते, तरी त्याही सस्पेन्शनच्या बुशपासून (सांध्यांतल्या रबरी तुकड्यांपासून) सुटलेल्या नाहीत. २००६ च्या एलएस४६० मध्ये पुढच्या आर्मचे बुश फाटणे नित्याचे आहे आणि पुढे असे आर्म एक-दोन नसून बरेच आहेत.

जुनाटचाक (धागाकर्ता)

‘उतारावरचा’ यांच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी एक अट घालून. मूळ पुरवठादाराचा माल नेहमीच्या भागांसाठी निःशंक घ्यावा, पण ज्या भागाची आवृत्ती दोष सापडल्यावर बदलली गेली, तिथे सुधारित क्रमांकाचाच भाग येतो आहे याची खात्री करावी. बीएमडब्ल्यूच्या एन२० या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक तुकडे ठिसूळ होऊन फुटतात आणि त्यांचे तुकडे तेलाच्या पॅनमध्ये जाऊन पंपाचे तोंड चोंदवतात. ही तक्रार प्रामुख्याने २०१५ पूर्वीच्या इंजिनांची आहे. गोदामात पडून असलेला जुन्या घडणीचा संच स्वस्त मिळाला म्हणून बसवला, तर सगळी मजुरी पुन्हा त्याच दोषावर खर्च होते. मर्सिडीजच्या एम२७२ या व्ही६ मध्ये २००८ च्या आधीच्या अनेक इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाचे कंप कमी करणाऱ्या दांड्याचा) दातेरी भाग अकाली झिजतो. ती दुरुस्ती इंजिन खाली घेतल्याशिवाय होत नाही, त्यामुळे गाडीच्या किमतीशी तिचे प्रमाण फारच वाईट बसते. या दोन्हींत इंजिनाचा क्रमांक पाहून दोषाच्या कक्षेत गाडी येते की नाही हे आधीच कळू शकते.

कारखान्याने परत बोलावलेल्या गाड्यांचा विषय याला जोडूनच आहे. मर्सिडीजच्या २००२ च्या ई-क्लासमध्ये एसबीसी ही विद्युत-द्रवचालित ब्रेकयंत्रणा होती. तिच्यासाठी २००४ आणि २००५ मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून कंपनीने ती काढून टाकली. तिचे युनिट ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी ठेवते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की इशारा देते, हे वापरलेले युनिट विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत नेला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून) गळालेले कूलंट काजळीत मिसळून आग लागण्याचा धोका निघाल्यावर २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर गाड्या परत बोलावल्या गेल्या. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगचे प्रकरण सर्वांना माहीत आहेच, आणि त्यात जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या. अशी कामे सहसा मोफत असतात आणि मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. चॅसी क्रमांक देऊन कोणते काम प्रलंबित आहे ते अधिकृत सेवाकेंद्राकडे विचारावे; या धाग्यातला हा एकमेव खर्च शून्य रकमेचा आहे.

शंकासुर

सर्वांचे आभार. माझ्या डोळ्यांसमोर असलेली गाडी डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाची आहे. आणखी दोन शंका: तेल किती जळणे स्वाभाविक मानावे, आणि तपासणीसाठी गाडी न्यायची तर क्रम कोणता ठेवावा?

रेंचपाना

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातून) येणाऱ्या तेलकट वाफेचा कार्बन त्यांवर थरांनी साचतो. थंड इंजिन अडखळते, हळूहळू ताकद कमी होते. टाकीत ओतायची रसायने इथपर्यंत पोहोचतच नाहीत. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारणे हाच खात्रीचा उपाय आहे. हे काम दर काही वर्षांनी येणारच, म्हणून त्याला बिघाड न मानता देखभालीत धरावे.

तेलाबाबत कंपन्यांची पुस्तिका फार उदार असते. फोक्सवॅगन-ऑडी गटाच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरमागे अर्धा लिटरपर्यंतचा वापर मान्य धरलेला आढळतो. माझ्या मते निम्म्यानेही तेल जळत असेल तर कारण शोधावे. या गटाच्या दोन लिटरच्या ईए८८८ इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत, साधारण २०११ पर्यंत, पिस्टन रिंगांमुळे तेल जळते. तिथे पिस्टन आणि रिंगांचे काम निघाले तर ते गाडीच्या किमतीचा मोठा घास घेते. विक्रेत्याकडे गेल्यावर आधी तेलाची पातळी पाहा, आणि डिकीत तेलाचा अर्धवट डबा आहे का तेही पाहा.

तपासणी थंड इंजिनावरच करावी. तुम्ही पोहोचण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे. बॉनेट उघडून हात ठेवला की कळते. सुरू केल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट ऐकू येतो का, आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर निघतो का, हे दोन्ही इंजिन तापल्यावर लपते. मग गाडी अर्धा तास तरी चालवावी, कारण गिअरबॉक्सचे हिसके तेल तापल्यावर उघड होतात. त्यानंतरच गाडी लिफ्टवर घ्यावी. खालचे प्लॅस्टिकचे आवरण काढायला लावावे; तेल कोठून येते हे आवरण असताना दिसत नाही, आणि नुकतेच धुतलेले इंजिन दिसले तर तेच विचारावे की कशासाठी धुतले. टायरवरचे चार आकडी चिन्ह आठवडा आणि वर्ष सांगते. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वयांचे असतील तर आधीचा मालक कसा खर्च करीत होता याचा तो पुरावाच आहे.

शेवटी कारखान्याच्या प्रणालीवर सर्व मॉड्यूल वाचून घ्यावीत. कोड पुसून टाकलेले असले तरी त्याचा मागमूस राहतो, कारण कित्येक मॉड्यूलांतली स्वयंचाचणी काही अंतर चालल्याशिवाय पूर्ण होत नाही आणि ‘चाचणी अपूर्ण’ अशी नोंद दिसते. किलोमीटरचा आकडाही डॅशबोर्डपुरता नसतो. काही गाड्यांत तो किल्लीत, काहींत गिअरबॉक्सच्या किंवा इतर नियंत्रकांत स्वतंत्रपणे नोंदलेला असतो. हे आकडे एकमेकांशी आणि सर्व्हिसच्या पावत्यांशी जुळवून पाहावेत. मॉड्यूल बदलल्यामुळे तफावत येऊ शकते, पण मग ते बदलल्याची पावती विक्रेत्याने दाखवावी. ती नसेल तर तुमच्या प्रश्नातले गिअरबॉक्सचे तेल बदलले गेले होते की नाही, यावर वाद घालण्याची गरज उरत नाही. दुसरी गाडी पाहावी.